उद्याचं तिकीट

तुळजापुरात घर असलं की सगळ्या गोताचं पाहुणेपण आपल्या माथी. "देवीला आलो होतो, म्हणलं डोकावून जावं," असं म्हणत लोक येतात आणि दोन दिवस राहतात. अठ्ठावीस वर्षं मी त्यांचं केलं, हसून केलं. पण त्या दिवशी न्हाय.

त्या दिवशी आम्ही दोघं बेंगळुरूला निघालो होतो. लेकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सिझर होतं. पहिलंच बाळंतपण, त्यात बीपी वाढलेला. पोरगी घाबरली होती. फोनवर रोज एकच, "आई, मला आत नेताना तुम्ही दोघं समोर पाहिजेत." सोलापूरहून संध्याकाळची गाडी होती. मी डिंकाचे लाडू डब्यात भरले, गॅस बंद केला, कुलूप हातात घेतलं आणि दारात क्रूझर येऊन थांबली.

कळंबचे चुलत दीर, जाऊ, त्यांचा नवं लगीन झालेला मुलगा, सून आणि आणखी सात-आठ जण. देवीची ओटी भरायला आलेले. जाऊ उतरता उतरताच म्हणाली, "अक्का, पुरणाची डाळ आणलीय बरं का. तुमचं काम हलकं!"

हलकं म्हणे! मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चपलेकडं बघत होते.

"चार दिवसांखाली फोन आला होता त्यांचा," हे पुटपुटले. "या म्हणलं, घर तुमचंच हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तू चिडली असतीस."

व्हय, चिडलेच असते! मग आता काय, ओवाळू तुम्हाला?

"आणि गाडी?"

"तिकीट उद्याचं करून घेतलंय. एका दिवसानं काय होतंय?"

म्हणजे चार दिवस हा माणूस मला बॅग भरताना बघत होता. लाडू वळताना वर एक चाखून "तूप कमी झालंय" म्हणाला होता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चारचौघांत नवऱ्याला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी दारात, नव्या नवरीसमोर बोलले. "शब्द तुम्ही दिलाय ना? मग पुरणही तुम्हीच घाला." किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि बॅग उचलली.

दीर म्हणाले, "वहिनी, हे बरं दिसत न्हाय."

"न्हायच दिसत, भाऊजी. तेच तुमच्या भावाला सांगा."

एसटीनं सोलापूर गाठलं आणि तिथून जनरलच्या डब्यात शिरले. एकटी मी सोलापूरच्या पुढं कधी गेले नव्हते. बॅगेवर बसून, मनातल्या मनात ह्यांना शिव्या घालत बेंगळुरू गाठलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. लेक स्ट्रेचरवर होती. तिनं माझा हात घट्ट धरला, मग माझ्या मागं दाराकडं बघितलं. "बाबा?"

"खाली बॅगा उतरवतायत. आलेच."

आत नेईपर्यंत ती मान वळवून दाराकडं बघत राहिली.

नात झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी हे पेढे घेऊन आले आणि सगळे हसले. मी न्हाय हसले. पुरण, पाहुणे, तिकीट, सगळं एक वेळ सोडून देईन. पण त्या वेळी माझ्या पोरीशी मला खोटं बोलायला लावलं, ते मी ह्यांना अजून माफ केलेलं न्हाय.