साहेब मागं, डावीकडं

“पाय आधी काढू नका! डोकं आधी काढा! माणूस जिता हाय माझा!”

ही आरोळी माझ्या आईची. ज्यांचं डोकं आधी काढायचं होतं ते माझे वडील. आणि ज्यातून काढायचं होतं ती माझी नवी गाडी. (नवी म्हणजे मला नवी. आधीच्या मालकानं किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मुलीची पाठवणी करताना होतो तसा त्याचा चेहरा अजिबात झाला नव्हता. दाढ उपटून झाल्यावर होतो तसा झाला होता.)

भिंगारच्या छावणीतल्या एका हॉलसमोर, भर सकाळी अकरा वाजता, साठ-सत्तर निवृत्त ड्रायव्हर, फिटर, स्टोअरकीपर, त्यांच्या बायका आणि एक तरुण कॅप्टनसाहेब यांच्या साक्षीनं हा प्रसंग चालू होता. चहाचा ट्रे धरलेला वेटर तर असा थिजला होता की कपांवर साय आली!

गाडी होती लाल, दोन दारांची, परदेशी कंपनीची स्पोर्ट कूपे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीची यात काहीच चूक नव्हती. चूक पस्तीस वर्षांपूर्वी झाली होती आणि ती मी केली होती, इयत्ता चौथीत.

आमचे दादा, म्हणजे वडील, छावणीत सिव्हिलियन ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं त्यांनी साहेब लोकांना इकडून तिकडे नेलं. त्या चौतीस वर्षांतून दादांनी एक शास्त्र काढलं होतं, आणि ते आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई.

“पुढं बसतो त्यो ड्रायव्हर. साहेब बसतो मागं, डावीकडं. ड्रायव्हरनं उतरायचं, बॉनेटला वळसा घालायचा, डावं दार उघडायचं, सॅल्यूट मारायचा. साहेब उतरतो आन् मागं न बघता म्हणतो, ‘गाडी छाँव में लगाना.’ झालं.”

“रोज हेच म्हणतात?” मी विचारायचो.

“रोज. साहेब बदलतो, वाक्य न्हाई.”

एकदा शाळेतून येताना मी कुंपणाच्या तारेतून दादांना दार उघडून उभं राहिलेलं पाहिलं. उन्हात, ताठ, घामानं पाठ भिजलेली. साहेब बराच वेळ आत बसून कागद वाचत होता आणि दादा दार धरून उभे होते. संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, “दादा, मी मोठा झालो की गाडी घेणार. तुम्ही मागं डावीकडं बसायचं. दार मी उघडणार!”

दादा हसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, “सॅल्यूट मारशील?”

“मारीन.”

“मग ठरलं.”

मी विसरलो. चौथीतली पोरं रोज असं काहीतरी ठरवतात. दादा विसरले नाहीत. त्या दिवसापासून ते कुणाच्याही गाडीत मागच्या सीटवर बसले नाहीत. मामाच्या गाडीत पुढे बसले, भाच्याच्या गाडीत पुढे बसले. माझ्या लग्नात तर भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला खाली उतरवून स्वतःच चालवत निघाले, आणि मी नवरदेव मागे डावीकडे! कुणी फार आग्रह केला तर म्हणायचे, “मागची सीट माझी बुक हाय. पोराच्या गाडीत.”

आता मी चव्वेचाळीस वर्षांचा. ठिबक सिंचनाचे पाइप विकतो. राहुरीपासून पाथर्डीपर्यंत मोटारसायकलवर हिंडून माझ्या मणक्यांनी संप पुकारला, तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं. सावेडीत एका डॉक्टरांच्या बंगल्यात मी पांढरी, चार दारांची, शहाण्या माणसानं घ्यावी अशी जुनी गाडी बघायला गेलो होतो. हे शपथेवर सांगतो. पण तिच्या शेजारी ही उभी होती. लाल! जमिनीला पोट टेकवून बसलेली, मांजर उंदरावर टपून बसतं तशी. आणि किंमत? त्या पांढरीएवढीच! डॉक्टरांचा मुलगा परदेशी निघाला होता, त्याला घाई होती.

“अंकल, एकच सांगतो,” तो म्हणाला, “ड्रायव्हरची सीट मागच्यांसाठी वाकत नाही, जाम आहे. पण या गाडीत मागे बसतं कोण?”

मी जाणकारासारखी मान हलवली. (त्या वेळी कुणीतरी माझ्या मानेवर एक ठेवून द्यायला हवी होती.)

गाडी दारात आणली. शेजारपाजारचे गोळा झाले. माझी बायको शैला बाहेर आली, तिनं गाडीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारलं, “बाकीची दारं कुठायत?”

“स्पोर्ट गाडीला दोनच असतात.”

“मग पैसे निम्मे दिले का?”

तेवढ्यात दादा आले. पाठीमागे हात बांधून त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. बॉनेट उघडायला लावलं, ऑइलचा थेंब बोटांवर चोळून वास घेतला, टायरवर तळहात फिरवला. (टायरला लाथ मारतो तो दलाल, हात लावतो तो ड्रायव्हर.) फिरत फिरत ते मागच्या डाव्या बाजूला आले आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला, दाराच्या मुठीकडे.

मूठ नव्हती. दारच नव्हतं. नुसता लाल पत्रा.

हात जरा वेळ तिथेच राहिला. मग दादांनी दुसऱ्या हातानं खिशातून रुमाल काढला आणि तेवढाच पत्रा पुसला, जणू पुसायलाच हात नेला होता.

“ब्येस हाय,” ते म्हणाले. “रंग लई ब्येस हाय.”

आणि मला अख्खी चौथी आठवली! पस्तीस वर्षांनी मी गाडी आणली होती आणि नेमकं दार विसरलो होतो. परत करावी म्हणून डॉक्टरांच्या घरी फोन लावला, तर पोरगं विमानात बसलेलं!

वर पुढच्याच रविवारी छावणीत निवृत्त नागरी कर्मचाऱ्यांचा चहापानाचा कार्यक्रम होता. दादांनी राखाडी सफारी आधीच इस्त्रीला दिली होती.

“दादा, पुढं बसा ना माझ्याशेजारी,” मी म्हणालो. “ऐसपैस जागा आहे.”

“पुढं मी जलमभर बसलोय,” दादा म्हणाले. “मला आत घालायचं काम तुझं.”

तज्ज्ञ म्हणून सलीमचाचांना बोलावलं. चाचा छावणीच्याच वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक आणि दादांचे जिगरी. त्यांनी पुढची डावी सीट वाकवून फट पाहिली, मग दादांचा सहा फुटी देह पाहिला आणि म्हणाले, “इंजिन बसवतात तसं करू. आधी अँगल, मग वजन.”

शनिवारी तालीम झाली. पहिल्या प्रयत्नात दादांचं डोकं आत गेलं आणि उरलेले दादा अंगणात राहिले. दुसऱ्या प्रयत्नात चाचांनी त्यांना उलटे घ्यायचं ठरवलं.

“रिव्हर्स, नामदेव, रिव्हर्स! येऊ दे... येऊ दे... डावं काट... येऊ दे... बाऽऽस!”

आणि बसले की! गुडघे कानांशी, टाळू मागच्या उतरत्या काचेला टेकलेली, पण बसले. मागं, डावीकडं.

“श्वास घेता येतोय ना, दादा?” शैलानं वाकून विचारलं.

“घेतोय की. थोडा थोडा.”

त्यांचा चेहरा मी आरशात पाहिला. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा हा माणूस एवढा खूश दिसला नव्हता. (अर्थात निकालही तसाच होता.)

रविवारी निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी आई, आईच्या मागे दादा. शैला स्कूटीवर. दादा साहेब झाले असले तरी त्यांच्यातला ड्रायव्हर काही गाडीतून उतरला नव्हता.

“तिसऱ्यात घे. क्लचवरचा पाय काढ. क्लच काय पायपुसनं हाय व्हय?”

“अहो, साहेब बोलत असतात का मधी?” आई म्हणाली.

“आमचे सगळे साहेब बोलायचे.”

भिंगारच्या बाजारात स्पीडब्रेकर आडवा आला. तो स्पीडब्रेकर नव्हता, ती सह्याद्रीची शाखा होती! गाडी त्यावर चढली, पोट टेकलं आणि पुढची चाकं इकडे, मागची तिकडे अशी माझी लाल मांजर बाजाराच्या मधोमध झोके घेऊ लागली. मागे टेम्पोची रांग लागली. शैला शेजारून पुढे निघून गेली. जाताना म्हणाली, “मी तुमच्यासाठी खुर्च्या धरते.”

“गाडी मोकळी करा, मग उचलू!” भाजीवाले धावत आले.

आई उतरली. मी उतरलो.

“दादा, जरा उतरता का?”

“साहेब उतरत नसतो.”

शेवटी आठ जणांनी दादांसकट गाडी उचलली. आत कोण आहे हे बघायला गर्दी झाली. दादांनी काचेआडून सावकाश हात हलवला.

“कोन हाय वं?” एका म्हातारीनं विचारलं.

“कुनीतरी मोठा मानूस दिसतोय,” कांदेवाला म्हणाला, “उतरला न्हाई.”

हॉलशी पोचलो. सगळं माणूस पायऱ्यांवर उभं. मी छाती पुढे काढून उतरलो, बॉनेटला वळसा घातला, डावं दार उघडलं आणि कडक सॅल्यूट ठोकला.

आई उतरली. “पुरे आता,” म्हणाली.

मग मी तिची सीट पुढे वाकवायला खालची खिट्टी ओढली. खिट्टी माझ्या हातात आली. पूर्ण. सीट जागच्या जागी.

“काय झालं रं, रम्या?”

“काही नाही दादा. दोन मिनिटं.”

“साहेबाला दोन मिनिटं थांबवत नसत्यात.”

उजवीकडची सीट तर डॉक्टरपुत्रानं आधीच जाम करून दिलेली. मी सीट ढकलली, ओढली, तिच्या पाया पडलो. पायऱ्यांवरचे ड्रायव्हर मदतीला धावले. आणि काय सांगू, प्रत्येक जण तडक मागच्या डाव्या बाजूला जाई, हात पुढे करी आणि पत्रा चाचपून मागे सरे! एकामागून एक. सगळ्यांच्या हातांना तीच सवय. कॅप्टनसाहेब काळजीनं म्हणाले, “अंकल, रिकव्हरी व्हॅन बुलाऊँ?”

मी काचेतून आत पाहिलं. दादा समोर बघत बसले होते. इतकी वर्षं राखून ठेवलेली सीट, आणि तिच्यात ते डबाबंद. मला रडू यायचंच बाकी होतं.

“हटा!” सलीमचाचा गर्दी फोडत आले. “हिची डिकी काचेसकट उघडते! मागच्या सीटची डावी पाठ पाडा, नामदेवला मागनं घ्या!”

डिकी उघडली. दादांना जरा उजवीकडे सरकवलं, डावी पाठ आडवी पाडली. तेवढ्यात एक फिटर म्हणाला, “फिरवून घेऊ, पाय आधी येऊ द्या, म्हंजे टेकता येतील.” यावर आईनं जी आरोळी ठोकली तीच तुम्ही वर वाचलीत. जित्या माणसाचे पाय आधी बाहेर काढतात का कुठे? अख्ख्या छावणीला ते पटलं.

मग चौघांनी काखेत हात घालून ओढलं. आधी डोकं, मग सफारी, मग उरलेले दादा. ते डिकीच्या काठावर बसते झाले, त्यांनी एकेक बूट खाली टेकवला आणि उभे राहिले.

डिकी उचलून धरणारा दांडा कधीच गेलेला. म्हणून चाचा ती एका हातानं वर धरून ताठ उभे होते, दादांनी चौतीस वर्षं दार धरलं तसे. दुसरा हात त्यांनी कपाळाला लावला. मग फिटरनं लावला. मग सगळ्या रांगेनं. कॅप्टनसाहेबांनीही लावला! मी राहिलो होतो. मीही सॅल्यूट मारला, हातात खिट्टी घेऊनच.

दादांनी हनुवटी इंचभर खाली केली. साहेब करतात तेवढीच.

“दादा, चुकलं माझं,” मी हळूच म्हणालो. “पुढच्या वेळी चार दारांची घेतो.”

दादांनी सफारीची चुणी ओढून सरळ केली, केस बसवले आणि पायऱ्या चढू लागले. दुसऱ्या पायरीवर थांबले. मी कान टवकारले. पस्तीस वर्षांचं काहीतरी आता ते बोलणार!

मागे न बघता दादा म्हणाले, “गाडी छाँव में लगाना.”