बायकांच्या दारावरच्या मावशी

“बसून घ्या गं बायांनो. रडायला अजून येळ हाय.”

बायकांच्या बाजूला गलका वाढला की हा आवाज यायचा, आणि तीनच्या खेळाला आलेल्या सगळ्या बायका मुकाट्यानं खाली बसायच्या. मधल्या पडद्याच्या अलीकडे आम्ही पुरुष हसायचो. हसायचो खरे, पण जरा सावरूनही बसायचो. मावशींनी ‘अजून वेळ आहे’ म्हटलं, म्हणजे आज रडायचं आहे हे नक्की झालेलं असायचं.

लढाईच्या दिवसांतलं साताऱ्यातलं ते थिएटर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पत्र्याचं छप्पर, पुढे बसायला जमीन, मागे बाकं, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत तारेवर ओवलेला एक काळा पडदा. त्याच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. चित्र दाखवायचं यंत्र एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागायचे. दिवे लागले की मावशी तो काळा पडदा सर्रकन ओढून घ्यायच्या आणि अंधार झाला की पुन्हा सारायच्या. एका खेळात असं दहा-बारा वेळा. आज खुर्च्यांवर आकडे असतात आणि कोण कुणाशेजारी बसलंय हे कुणी पाहत नाही. तेव्हा मात्र नवरा-बायको घरून एका टांग्यातून यायची आणि दोन दारांनी आत जायची.

बायकांचं दार मावशींचं. ठेंगणा बांधा, हिरवट पडलेलं इरकल लुगडं, कपाळ मोकळं. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. मालकापासून यंत्रवाल्यापर्यंत सगळे मावशीच म्हणत. त्या दाराचा उंबरा फार उंच होता. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून त्या तिला वर घ्यायच्या. तिकिटाचा तुकडा बघायच्या नंतर.

शुक्रवारी चित्र बदलायचं. त्या दिवशीचा पहिला खेळ मावशी भिंतीला टेकून सबंध बघायच्या आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत. दुसऱ्या खेळापासून त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. कुठल्या रिळात कोण मरतं, कुणाला घराबाहेर काढतात, कुणाचं मूल हरवतं, हे त्यांना पाठ झालेलं असायचं आणि उंबऱ्यावर हात धरल्या धरल्या त्या ज्या त्या बाईला तिच्यापुरतं सांगून टाकायच्या. दिवस गेलेली कुणी असली की म्हणायच्या, “सातव्या रिळाला भाईर ये, पाणी पी. बाळंतपणात मरती ती. आठव्याला परत आत.” लेकरू गेलेल्या बाईला चौथं रीळ चुकवायला लावायच्या. सासू-सून मिळून आल्या तर एकीला पुढे आणि दुसरीला मागे बसवायच्या. एका सासूबाईंनी कारण विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “आवं, आजचं चित्र सासूचं हाय. शेजारी बसून बघायचं न्हाई.”

त्यांनी कधी कुणाला शेवट गोड करून सांगितला नाही. मरणारा मरतो, असं स्वच्छ सांगायच्या. सिनेमानं मुलं बिघडतात असं वर्गावर्गातून सांगणारे आमचे हेडमास्तरसुद्धा पत्नीला पाठवण्याआधी शिपायाला मावशींकडे धाडत. शिपाई परत येऊन साऱ्या शिक्षकांदेखत सांगायचा, “बाईसाहेबांस्नी न्या म्हनत्यात. पर दोन रुमाल द्या.”

मी मूळचा कोरेगावकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सांगलीला कॉलेजात गेलो तेव्हा कृष्णेकाठच्या तंबूत पहिला बोलपट पाहिला आणि ते वेड लागलं ते लागलंच. बी. ए. झालो, साताऱ्याच्या हायस्कुलात नोकरी मिळाली, दोन खोल्या घेऊन आईला गावाकडून आणलं. दर रविवारी तीनचा खेळ ठरलेला.

धाकटी बहीण हौसा त्या वर्षी आमच्याकडे राहायला आली होती. तिचा नवरा पलटणीत, इटलीच्या मुलुखात. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. सासरच्यांनीच म्हटलं, पोरीला जरा तुमच्याकडे न्या, इथं ती दिवसभर टपालवाल्याच्या वाटेकडं डोळे लावून बसते. आमच्याकडे येऊन तिचं जेवणखाण सुधारलं, पण सायकलची घंटा वाजली की हातातलं काम तसंच टाकून ती दाराशी जायची.

तिचं मन रमावं म्हणून एका रविवारी मी तिला चित्राला नेलं. जाहिरातीवर हातात फुलं घेतलेली एक बाई होती आणि गाणी चांगली आहेत असं ऐकलं होतं. याहून जास्त मी काही चौकशी केली नाही. शिकलेल्या माणसाची ही चूक. त्या गावातली अडाण्यातली अडाणी बाईसुद्धा आधी मावशींना विचारायची. मी विचारलं नाही.

हौसा बायकांच्या दारानं गेली, मी माझ्या. सुरुवातीला नेहमीप्रमाणे लढाईची चित्रं झाली. मग मुख्य कथा सुरू झाली. समुद्रापार व्यापाराला गेलेला नवरा आणि किनाऱ्यावर वाट बघणारी बायको. चार-पाच रिळं झाली आणि पुढचं मला दिसायला लागलं. तो परत येत नाही. त्याचं गलबत बुडतं आणि कपड्यांचं गाठोडं तेवढं घरी येतं. दहा हातांवर बहीण बसलेली, आणि मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. दिवे लागले तर मध्ये पडदा, दिवे गेले तर अंधार.

रीळ संपताच मी उठलो आणि वळसा घालून बायकांच्या दाराकडे गेलो. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही असा दंडक होता. पण दाराबाहेरच्या पायरीवर हौसा बसली होती. हातात पाण्याचा तांब्या. शेजारी मावशी, आणि त्या उरलेलं चित्र सांगत होत्या.

“...मंग गलबत लागलं काठाला. त्यो उतरला. दाढी ही एवढी वाढलेली. तिनं वळाखलंच न्हाई. म्हनली, कोन पायजे तुमास्नी? त्यो म्हनला, घर इसरलो, दाखवता का.”

हौसा हसली. चार महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यावरून मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, तंबी होती.

“दादा, शेवट गोड हाय,” हौसा म्हणाली. “मावशींनी सांगितला समदा. आता परत आत जाऊन डोळं कशाला दुखवायचं?”

आम्ही घरी आलो. त्या रात्री तिला लवकर झोप लागली, आणि पुढेही लागत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेलो तर मावशी माझ्यावर उखडल्या. म्हणाल्या, “आबार मानू नका मास्तर. आजवर हितं खोटं बोलले न्हवते. बरं केलं का वंगाळ, मला ठावं न्हाई. पर तुमी इच्यारायचं तरी आदी.”

गंमत पुढेच झाली. हौसानं तो दाढीवाला शेवट नळावर सांगितला. शेजारची एक बाई चित्र संपेपर्यंत बसलेली होती. ती म्हणाली, आगं, बुडतो की त्यो. हौसा ऐकेना. दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी ती बाई निवाडा मागायला मावशींकडे गेली, तर मावशींनी तिलाच सुनावलं, “तुला डुलकी लागली असंल. नवव्या रिळाला लय घोरत हुतीस.” बाई बुचकळ्यात पडली. तोवर चित्र बदललं होतं. आमच्या गल्लीपुरता तो बिचारा व्यापारी समुद्रातून जिवंत परत आला.

दीड महिन्यानं तार आली. सासरच्या गावी आली, तिथून दीर घेऊन आला. पुढे पलटणीचे कागद आल्यावर तारखा जुळवून पाहिल्या. आम्ही ते चित्र बघायला गेलो त्याच्या तीन आठवडे आधीच हौसाचा नवरा गेला होता.

त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. सासरची माणसं भली. दिराबरोबर सासरी गेलेल्या तिला सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा आमच्याकडे पाठवलं. ती बोलायची नाही. विधवा बाईनं चार माणसांत जायचं नाही, सिनेमाचं तर नावही काढायचं नाही, अशी तेव्हाची रीत. घरातली कामं करायची आणि भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस ती आपण होऊन मला म्हणाली, “दादा, त्या दारावरच्या बाईला बोलवून आण.”

गुरुवारी दुपारी मावशी आल्या. आमची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरीच असायचो. आईनं पुढे केलेल्या पाटावर त्या बसल्या नाहीत, दाराशीच टेकल्या. हौसा चुलीपासून उठून समोर येऊन बसली. मी वह्या तपासत होतो. माझं लक्ष वह्यांत नव्हतं, हे सांगायला नको.

हौसानं विचारलं, “मला खोटं का सांगितलंत?”

मावशी म्हणाल्या, “तुला उंबऱ्यावरनं वर घेतली तवा तुजा हात बरफावानी गार हुता. पलटणवाल्यांच्या बायकांचं हात म्या वळाखते. मला दुसरं काय सुचलं न्हाई.”

“मी त्या शेवटावर दीड महिना जगले. मग पडले. लय वरनं पडले.”

“व्हय,” मावशी म्हणाल्या. सबब त्यांनी सांगितली नाही. चांगल्यासाठीच केलं, असंही म्हणाल्या नाहीत.

“माज्यासंगं पुन्हा असं करायचं न्हाई.”

“न्हाई करनार.”

आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. मग हौसानं डोळे पुसले आणि म्हणाली, “आता कंचं चित्र लागलंय त्ये सांगा.”

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मावशी आमच्याकडे येऊ लागल्या. तीनच्या खेळाआधी त्यांना तास-दीड तास मिळायचा. पहिल्या रिळापासून त्या सांगायला बसायच्या. राजाचा आवाज वेगळा, दासीचा वेगळा. घोडा आला तर हाताच्या बोटांनी पाटावर टापा वाजवायच्या. गाणी मात्र गायच्या नाहीत. “हितं गानं हाय, म्या भसाडी हाय,” एवढं सांगून पुढे जायच्या. शेवट मात्र सरळ, जसा असेल तसा. कुणी मेलं की “मेला” म्हणायच्या आणि हौसाकडे बघायच्या. ती मान हलवायची. काही महिन्यांनी ती शेवटांवर वाद घालायला लागली. त्या बाईनं त्या घरात राहायलाच नको होतं, म्हणायची. मावशी म्हणायच्या, “मला काय सांगतीस? म्या लिव्हलंय व्हय?” आई तोंडाला पदर लावून हसायची.

वर्गात मी धडा शिकवतो तेव्हा मुलं कान देऊन ऐकतात, असं पुढे अनेकांनी मला सांगितलं. त्याचं श्रेय माझ्या प्राध्यापकांना आहेच. पण निम्मं त्या गुरुवारांचं आहे, आणि ते मी मावशींना कधी बोलून दाखवलं नाही.

लढाई संपली. थिएटर नव्या मालकाकडे गेलं. त्यानं दोन यंत्रं आणली, खुर्च्या टाकल्या. रिळांमध्ये दिवे लावायची गरज उरली नाही, आणि मधला काळा पडदाही गेला. दोन्हीकडची माणसं एकाच दारानं आत जाऊ लागली. मावशींना त्यानं महिनाअखेरपर्यंत ठेवलं, ही त्याची भलाईच म्हणायची.

त्या शेवटच्या गुरुवारी त्या बोचकं घेऊनच आल्या. संध्याकाळच्या मोटारीनं फलटणकडे भावाच्या गावी जायचं होतं. नेहमीसारखं त्यांनी चित्र सांगायला घेतलं. कज्ज्यात सापडलेल्या एका बाईची गोष्ट होती. नवरा वारलेला, दिरानं घराबाहेर काढलेली. फार रंगून सांगितली. बाई कचेरीच्या पायऱ्या चढते, आत साहेब निकाल वाचायला उभा राहतो, इथपर्यंत आल्या आणि बोचकं उचलून उठल्या.

“आन शेवट?” हौसा म्हणाली.

“शेवट म्या बघितलाय. सांगनार न्हाई.”

“का?”

“खोटं बोलायचं न्हाई म्हनलीस, बोलले न्हाई. न सांगायची काय बंदी हाय?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आज तीनचा खेळ हाय. उद्या चित्र बदलतंय. ऊठ पोरी.”

हौसानं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे. लोक काय म्हणतील, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मावशी दारात उभ्या होत्या, घाई करत नव्हत्या. शेवटी आईच म्हणाली, “जा. पायात चपला घाल, ऊन हाय.”

चौकापर्यंत मावशी आमच्याबरोबर आल्या. तिथून थिएटरची वाट डावीकडे आणि मोटारीची उजवीकडे. मी त्यांना आत चला म्हटलं. त्या म्हणाल्या, “माजं काम हुतं तवर हुते तितं.” हौसानं भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मावशींनी तिचे हात धरून तिला उठवलं, क्षणभर ते हात तसेच आपल्या हातांत ठेवले, आणि निघाल्या. त्यानंतर त्या आम्हाला भेटल्या नाहीत. तीन-चार वर्षांनी मी फलटणला चौकशी केली, पण नाव ठाऊक नसलेल्या माणसाची चौकशी कशी करायची?

त्या दुपारी आम्ही भाऊ-बहीण शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलो. मागच्या रांगेत दोन बायका कुजबुजल्या. हौसानं ऐकलं असेल, पण तिनं वळून पाहिलं नाही. सगळं चित्र तिला माहीत होतं. कोण आत येणार, कोण काय बोलणार, हे ती माझ्या कानाशी आधीच सांगत होती. मग ती बाई कचेरीच्या पायऱ्या चढली. साहेब निकालाचा कागद घेऊन उभा राहिला. हौसा बोलायची थांबली, आणि दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून पुढे वाकून पडद्याकडे बघू लागली.