कारणाची ओळ

पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर एक दालमिल आहे. मी तिथला सुपरवायझर. ऑफिसात एकच कारकून, बाबू; त्यांना मी अकरा वर्षं बघतो आहे. पाठकोरा कागद ते फेकू देत नाहीत, आणि बोलण्याआधी चष्मा पुसतात. कुणाला कामावरून काढायचं असलं की पत्र तेच टाइप करतात, पण कारणाची ओळ कोरी सोडतात. ती तक्रार करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायची, हा त्यांचा नियम.

गेल्या हंगामात मीच तक्रार घेऊन गेलो. पाखडणीवरच्या एका बाईनं सगळ्यांदेखत मला सांगितलं होतं, "तूर ओली आहे, मशीनले लावू नका." मी लावली, आणि मशीन अडकलं. बाबूंना म्हटलं, "हिला काढा."

त्यांनी पत्र टाइप करून माझ्यापुढं ठेवलं. मग चष्मा पुसला आणि तिच्या नोकरीचा करार कामावरून काढायच्या कारणांच्या पानावर उघडला.

"चोरी केली काय तिनं?"

"नाही."

"पिऊन आली? न सांगता दहा दिवस घरी राह्यली?"

"नाही. उलटून बोलली."

"खोटं बोलली काय?"

मी पत्र जवळ ओढलं.

"मंग काऊन काढून राह्यले, ते तुम्हीच लिवा साहेब. मले तं काही सुचून नाही राह्यलं."

मी पेन कारणाच्या ओळीवर टेकवलं. शेवटी मी ते टेबलावर ठेवलं.

बाबूंनी पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर उद्याच्या हजेरीची नावं लिहायला घेतली. पहिलं नाव त्यांनी तिचं लिहिलं.