बाई म्हणती सरळ जा

पाचबोरीच्या रेश्माला देवानं गळा एकच दिला, पण त्यात बिऱ्हाडं मात्र लई घातली. दूध डेअरीवर ती दुधाची फॅट मोजायला बसायची, आणि रांगेतला जो माणूस कॅन उचलून पाठ फिरवायचा, तो लगेच तिच्या तोंडातून परत यायचा. नेवाशाच्या एसटीतला नाकात बोलणारा कंडक्टर तिच्याकडं होता: ‘चला फुडंऽ सरका, दार काय घरी न्यायचं का?’ शाळेतले हेडमास्तर होते, ज्यांचं भाषण ‘अं... विद्यार्थी मित्रहो’ म्हणून सुरू व्हायचं आणि तिथंच दमायचं. कांद्याचा लिलाव पुकारणारा होता, शेजारची म्हैस होती. म्हैस तर अशी हुबेहूब, की एकदा तिचं रेडकू दावं तोडून थेट डेअरीत आलं आणि रेश्माला ढुशा देऊ लागलं.

तिची आई छबूबाई कपाळावर हात मारून घ्यायची. “बये, तुजा सोताचा आवाज कोन्ता त्यो तरी एकदा ऐकव. वळख राहू दे आपली.”

ह्या नकलांना पहिली टाळी वाजवली होती ती रंगनाथमामानं. छबूबाईचा हा पाठचा भाऊ अकोले तालुक्याच्या डोंगरात भातशेती करायचा. दर पावसाळ्यात तो लहानग्या रेश्माला न्यायचा, खाचराच्या बांधावर उभी करायचा आणि म्हणायचा, “हां, आता बेडूक कर!” रेश्मा गाल फुगवून ‘डराँऽव’ करायची, खाचरातनं खरे बेडूक उत्तर द्यायचे, आणि मामा टाळ्या पिटून म्हणायचा, “बघा, भाचीनं सभा भरवली!” म्हणून लग्न ठरलं तेव्हा रेश्मानं एकच हट्ट धरला. अंगावर मामानं आणलेलं पिवळं पातळ पाहिजे आणि बोहल्यावर पाठीशी मामाच पाहिजे. रीतच आहे ती. पण तिला रीत म्हणून नको होती, मामा म्हणून पाहिजे होता.

लग्न ठरण्याचीही एक गंमतच. राहुरीकडचे पाहुणे बघायला आले. नवऱ्या मुलाचे वडील आबासाहेब भरघोस मिशांचे. विहिरीत बोलल्यासारखं त्यांच्या वाक्याचं शेपूट पुन्हा एकदा वर यायचं. “आमाला घरात शांतता लागती. शांतता लागती.”

छबूबाईनं संधी सोडली नाही. “पोरगी लई गरीब हाय हो. माशी बसली तरी तोंड उघडत न्हाई.”

रेश्मा ओठ चावत खाली बघत बसली. पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर पडते न पडते तोच माजघरातून आवाज आला, “पोहे झ्याक हुते. झ्याक हुते.” छबूबाई दचकून उठली, तिला वाटलं आबासाहेब काहीतरी विसरले म्हणून परत आले. नवऱ्या मुलाला, अमृतला, रेश्मानं फोनवर खरं काय ते सांगून टाकलं आणि त्याला त्याचाच बाप ऐकवला. तो हसून हसून बेजार झाला. शेवटी म्हणाला, “अक्षता पडूस्तोवर दम धर बाई. मग आबांना हळूहळू सवय लावू, मिरचीची लावत्यात तशी.” छबूबाईनं तर देव्हाऱ्यापुढं तिला शपथच घातली. अक्षता पडेपर्यंत मांडवात तोंड उघडायचं नाही.

आता मामाचं ऐका. रंगनाथमामा माणसाला रस्ता विचारायचा नाही. त्यालाही कारण होतं. स्वतःच्या लग्नाला जाताना त्यानं वाटेत ज्याला त्याला विचारलं, आणि ज्यानं त्यानं आपल्याकडच्या रीतीप्रमाणं हात लांब करून सांगितलं, “ह्ये काय, वढ्याच्या पल्याड!” आपल्याकडं ‘माहीत न्हाई’ म्हणायची पद्धतच नाही, पाहुणा नाराज होतो ना! असे ओढे ओलांडत वरात एका मांडवात शिरली, मामा बाशिंग सावरत बोहल्यापाशी गेला, तर तिथं दुसराच उभा. मामा त्यालाच विचारतो, “माज्या जागी तू कोन रं?” तेव्हापासून माणसावरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच.

मग मोबाईलमध्ये ती रस्ता सांगणारी बाई आली, आणि मामाला गुरू भेटल्यासारखं झालं. “हिला ना भावकी, ना बांधाचं भांडान. ही कशाला खोटं सांगंल?” बाईनं ‘उजवीकडे वळा’ म्हटलं म्हणून एकदा त्यानं टोमॅटो भरलेली पिकअप एका घराच्या ओसरीपर्यंत नेली आणि तिथल्या म्हातारीला वर सांगितलं, “आज्जे, बाज सरकव, रस्ता हाय.” बायको शेजारी बसून ओरडायची, “अवो, फुडं उकिरडा हाय!” मामा म्हणायचा, “तू गप. बाई बोलतीय.”

आणि ह्या लग्नात सगळ्यांनी मिळून बाईच्याच हाती कारभार दिला. पत्रिकेत खाली पूर्वी ‘येण्याचा मार्ग’ म्हणून एक ओळ असायची, अमुक फाट्यावरून तमुक वडापासून डावीकडं. ती ओळ रेश्मानंच काढायला लावली. “आता कोन वाचतंय? लोकेशन टाकू.” मामालाही तिनंच फोनवर सांगितलं, “मामा, कुनाला इचारू नका. बाईचं ऐका.”

“त्ये तू मला सांगतीस व्हय?” मामा म्हणाला.

लग्नाच्या दिवशी प्रवरेच्या काठी, शाळेच्या पटांगणात मांडव घातला. वऱ्हाड आलं, जेवणाच्या दोन पंगती उठल्या, बँडवाल्यांनी घामानं टोप्या भिजवल्या. रेश्मा शाळेच्या खोलीत हळदीच्या साडीत, मुंडावळ्या बांधून तयार. मामा मात्र नाही आणि पातळही नाही. त्याचा फोन लावला तर उचलेना, कारण फोनवर बाई बोलत असताना मधे कोणी बोललेलं मामाला खपत नसे.

आपल्या जिल्ह्यात पत्रिकेतला मुहूर्त म्हणजे नुसती शोभा, हे लहान पोरालाही ठाऊक. पण आबासाहेब घड्याळावर टिचकी मारत मांडवात फिरायला लागले. “आमच्याकडं मुहूर्त म्हंजे मुहूर्त. म्हंजे मुहूर्त. मामा न्हाई तर चुलतमामा उभा करा. उभा करा.” चुलतमामाही कुठून तरी सापडला, त्याला फेटाही बांधून झाला. छबूबाई खोलीत आली, हातात दुकानातनं आणलेलं दुसरंच पिवळं पातळ. “नेस बाई. इलाज न्हाई.”

रेश्मानं मान हलवली, नाही. तोंड उघडायची तर शपथ होती!

बाहेर माईकवाला गहिनीनाथ पुकारत होता. अख्ख्या तालुक्यात स्वागताला त्याचाच आवाज. “नवरीचे मामाऽ, नवरीचे मामाऽ, जिथं असाल तिथून बोहल्याजवळ यावे, ही णम्र इनंती!”

आणि नवरीचा मामा ते ऐकत होता. नदीच्या पलीकडून!

पोरं ओरडत आली, “मामाची गाडी बंधाऱ्यावर! मामाची गाडी बंधाऱ्यावर!” रेश्मा खिडकीशी धावली.

पाचबोरीचा बंधारा नदी अडवायला बांधला आहे, गाड्या न्यायला नव्हे. वरून एक स्लॅब जातो, कठडा नसलेला. सुरुवातीला चांगला रुंद, आणि मधे जिथं दारं बसवलीत तिथं इतका निमुळता की समोरून मोटरसायकल आली तर आपण मागं सरायचं. पण खरा पूल दूर, म्हणून सारं गाव रोज त्याच्यावरूनच पलीकडं जातं. दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली जातात, डेअरीवर रेश्माची स्कूटी जाते, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. नकाशातल्या बाईला वाटलं, एवढी माणसं रोज जातात, म्हणजे रस्ताच असणार. बाईला ही वाट गावानंच शिकवली होती, आणि त्यात रोजची हजेरी रेश्माची.

मामाच्या पांढऱ्या पिकअपची पुढची चाकं स्लॅबवर चढली होती. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला खाली खडक.

सारा मांडव काठावर लोटला. “थांबा!” “मागं घ्या!” “डावीकडून!” “आरं डावीकडं खडक हाय, येड्या!” “या, या, हळू या!” शंभर तोंडं आणि शंभर वाटा. नेमकं जे मामाला आयुष्यभर नको होतं तेच. त्यानं खिडकीतनं हात बाहेर काढून गप बसा अशी खूण केली आणि गाडी आणखी पुढं घेतली.

“आरं गहिन्या, माईकवर सांग!” कोणीतरी ओरडलं. गहिनीनाथानं घाईनं कर्णा नदीकडं वळवला, माईक तोंडाला लावला, पण जिभेला सवय एकच. “अकोल्याहून आलेले रंगनाथराव, आपलं आमच्या परिवारातर्फे सहर्ष स्वाऽगत...”

स्वागत म्हटल्यावर मामानं गिअर टाकला.

तेवढ्यात मुंडावळ्या उडवत नवरी पटांगणातून पळत आली. “रेश्मे, शपत!” छबूबाई मागून ओरडली. रेश्मानं गहिनीनाथाच्या हातातला माईक हिसकून घेतला. समोरच आबासाहेब उभे होते, मिशीसकट. रेश्मानं त्यांच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.

“थांबा. पुढे रस्ता नाही.”

काठावरची शंभर तोंडं एकदम मिटली. तो आवाज रेश्माचा नव्हता, पाचबोरीचा नव्हता, कुठल्याच गावचा नव्हता. गुळगुळीत, थंड, ना भावकी ना बांध. मोबाईलमधली बाई कर्ण्यातून बोलत होती.

पिकअपचा ब्रेक कचकन लागला.

“सरळ मागे या. सावकाश मागे या.”

पिकअप मागं आली. मामानं नंतर सांगितलं, की खिशातली बाई म्हणत होती सरळ जा आणि आभाळातली बाई म्हणत होती मागं या. “मी म्हनलं, ही मोठी बाई दिसती. हापिसातली.”

“दहा मीटरमध्ये, बाभळीखाली गाडी लावा. हँडब्रेक ओढा.” गाडी लागली. “पिवळे पातळ विसरू नका.” मामा उतरता उतरता परत वळला आणि पिशवी काढली. “आता चालत, सरळ पुढे जा.”

पिशवी डोक्यावर धरून मामा बंधाऱ्यावर चालायला लागला. बँडवालेही श्वास धरून उभे. निमुळत्या भागापाशी आला आणि मामा थबकला. त्यानं पाण्याकडं पाहिलं. डोंगरातला माणूस, कडे उतरेल, पण सपाट पाण्याला भितो.

रेश्मा बाईच्या आवाजात म्हणाली, “सरळ पुढे जा.” मामा हलेना. “सरळ पुढे जात राहा.” छे!

मग रेश्मानं गाल फुगवले. कर्ण्यातून, प्रवरेच्या अख्ख्या पात्रावरून, दणदणीत आवाज गेला.

“डराँऽऽव!”

मामानं मान वर केली. बघतच राहिला. आणि डोक्यावरची पिशवी काखेत मारून, त्या बिनकठड्याच्या स्लॅबवर उभ्या उभ्या त्यानं टाळ्या पिटल्या. “आयला! भाचीनं सभा भरवली!” मग जो निघाला तो पाण्याकडं न बघता, फक्त माईक धरलेल्या नवरीकडं बघत, सरळ काठावर आला. बँडवाल्यांनी कोणी न सांगता असा दणका उडवला की पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. पोरांनी मामाला खांद्यावर घेतलं. ज्याच्या लग्नाची वरात चुकली होती त्याची वरात आज निघाली!

“मामा,” कोणीतरी ओरडलं, “आवो तुमच्या अकोल्याच्याच धरनाचं पानी हितं खाली येतंय. नदीच्या कडंनं चालत आला असता तरी पोचला असता!”

“बाईनं त्ये सांगितलं न्हाई,” मामा म्हणाला.

रेश्माच्या हातात माईक तसाच होता. आता कुठं तिला आठवलं की शपथ मोडली. छबूबाईनं पदर तोंडाला लावला. आबासाहेब गर्दीतून पुढं आले आणि रेश्मासमोर उभे राहिले.

“पोरगी गरीब हाय म्हनला हुता. गरीब हाय म्हनला हुता.”

मागं उभ्या अमृतनं डोळे मिटून घेतले.

आबासाहेबांनी मिशी एकदा इकडून, एकदा तिकडून पुसली. “माजी येती का?”

रेश्मानं अमृतकडं पाहिलं. मग छाती फुगवली, हवेतल्या घड्याळावर टिचकी मारली आणि कर्ण्यातून आबासाहेबच बोलले, “आमच्याकडं मुहूर्त म्हंजे मुहूर्त. म्हंजे मुहूर्त. चुलतमामा उभा करा. उभा करा.”

काठावर हशाचा स्फोट झाला. फेटा बांधलेला चुलतमामाही पोट धरून खाली बसला. आबासाहेब मात्र गंभीर. बायकोकडं वळून म्हणाले, “मी असा बोलतो?”

“असंच,” ती म्हणाली. “तीस वर्सं झाली.”

आबासाहेबांच्या मिशीला आधी कोपऱ्यात धक्के बसले, मग सगळीच हलली. “हिला सोडू नगा. सोडू नगा! घरात लई शांतता झाली हुती. चला, मुहूर्त ऱ्हाऊ द्या, आदी पातळ नेसू द्या!” आणि ह्या वेळी वाक्याचं शेपूट पुन्हा आलंच नाही, हे ध्यानात येऊन स्वतःच थबकले.

रेश्मा मामाचं पिवळं पातळ नेसून बोहल्यावर चढली. पाठीशी मामा, धुळकट चपलांचा, छाती काढून. अंतरपाट धरला, भटजींनी घसा खाकरला, मांडव शांत झाला. इतका शांत, की अक्षता चोळल्याचा आवाज यावा.

आणि त्या शांततेत आवाज आला, गुळगुळीत आणि थंड:

“आपण आपल्या गंतव्यस्थानी पोहोचला आहात.”

सगळा मांडव रेश्माकडं वळला. आबासाहेबांनी भुवया उंचावल्या. अंतरपाटापलीकडं अमृत खुदकला.

“आईच्यान,” नवरी खाली बघत म्हणाली, “ह्या टायमाला मी न्हाई.”

मामानं घाईघाईनं खिशावर हात दाबला. “गप ए,” तो आतल्या बाईला म्हणाला. “भाची बोलतीय.”