आखाजीचा झोका

असोद्याचे लीलाधर भाऊ पंचायत समितीवर निवडून आले आणि वर्षभरात त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, तिसऱ्यांदा दिवस गेले. दोन मुलगे होतेच. तिसरं मूल झालं की पद जातं, हा कायदा भाऊंना आरतीसारखा पाठ होता. पोट पाडायला उशीर झाला होता, नाहीतर या माणसाने तेही केलं असतं.

बाईंची रवानगी भडगावला, मूलबाळ नसलेल्या बहिणीकडे झाली. मुलगी जन्मली, तिचं नाव कामिनी ठेवलं. कागदावर आईच्या जागी बहिणीचं, भागाबाईचं, नाव लागलं. बाई रिकाम्या हातांनी परतल्या, त्याच आठवड्यात भाऊंनी ‘मुली वाचवा’ फेरीला झेंडा दाखवला.

भाऊ चढत गेले. सभापती झाले, दारात गाडी आली. कामिनी सुनंदाबाईंना मावशी म्हणत मोठी झाली, आणि बाईंनी बारा वर्षं जीभ आवरली.

मग भागाबाई वारली. तिचा नवरा पुना लगेच दुसरं लग्न जुळवायला लागला. आता तरी पोरीला घरी आणू, म्हणून बाईंनी भाऊंपुढे पदर पसरला. निवडणूक होऊ दे, एवढंच ते म्हणाले.

तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाईंनी तिला चार दिवस आणलंच. आखाजीला लेकी माहेरी येतात, दारोदारी झोके बांधले जातात. या घरात लेक नाही म्हणून अंगणातल्या निंबाला कधी दोर लागला नव्हता. त्या सकाळी बाईंनी स्वतः दोर बांधला, पोरीला बांगड्या भरल्या आणि झोका देत गाणी म्हटली. समोर भाऊंचा विरोधक शालिग्राम राहायचा. बहिणीच्या पोरीचं एवढं कौतुक त्याने पाहिलं, तिचं भाऊंसारखं नाक पाहिलं आणि तक्रार ठोकली.

जळगावला सुनावणी लागली. पुना साक्षीला आला, पोरीलाही घेऊन आला. आदल्या दिवशी भाऊंनी बाईंना बजावलं होतं, तोंडातून भलतं निघालं तर पोरीला घेऊन भडगावलाच राहायचं. बाईंना हवं होतं ते त्या धमकीतच होतं. पण तीस वर्षं घाबरायची सवय लागलेली बाई, ती तेव्हाही घाबरली.

तक्रार मोठ्याने वाचली गेली. कामिनीला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं, ते तिला तिथे कळलं. ही तुमची कोण, असं साहेबांनी बाईंना विचारलं.

“बहिणीची पोर, साहेब. मला दोनच मुलं.”

पोरगी बाईंकडे बघत राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

तक्रार फेटाळली गेली. पुढे निवडणूक झाली, गुलाल उधळला, बाईंनी भाऊंना ओवाळलं. पुनाने पोरीला धुळ्याच्या एका वसतिगृहात टाकलं आणि नवी बायको आणली.

महिन्याभराने बाई खापरावरच्या मांड्यांचा डबा घेऊन धुळ्याला गेल्या. फाटकावरच्या बाईने नातं विचारलं. सुनंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, “आई.”

कामिनीला बोलावलं. ती आली, डब्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

“या बाईले मी वळखत नही,” ती फाटकावरच्या बाईला म्हणाली आणि आत गेली.

सुनंदाबाई तिथेच उभ्या होत्या तेव्हा भाऊंचा फोन आला. सोनगीरला सभा आहे, स्टेजवर बायका कमी पडताहेत, आहेस तशी निघ. बाई निघाल्या.