घर सकाळी दाखवा

सोमवार, कचेरी उघडायची वेळ. हजर : मी, आवक-जावक सांभाळणारे काका, शिपाईमामा. वाटेत : आमच्या मॅडम.

लातूरच्या आमच्या कचेरीत बरीच वर्षं हजेरी अशीच लागायची. मग मॅडम यायच्या. पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीच्या काठावर टेकायच्या आणि विचारायच्या, "ताई, संध्याकाळची गाडी हाय ना?" सकाळच्या गाडीचा घाम अजून वाळलेला नसे, तोवर परतीची चिंता.

त्यांचे यजमान नांदेडला शिक्षक. नोकऱ्या दोन, बिऱ्हाड एक, रस्ता लांबलचक. असं अपडाऊन करणारं एखादं जोडपं तुमच्याही ओळखीत असेलच. आधी बिऱ्हाड लातुरात होतं, तेव्हा सर अंधारात निघायचे. मग ते नांदेडला नेलं, तेव्हा मॅडम अंधारात निघू लागल्या. शेवटी दोघांनी ठरवलं, मधोमध अहमदपूर. निम्मा रस्ता तुमचा, निम्मा माझा.

माझी बहीण अहमदपूरची, म्हणून घर बघायला मला सोबत नेलं. घरमालक म्हणाले, "रविवारी दुपारी या की निवांत."

"निवांत घर कुणीबी दाखवतंय," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी सकाळी दाखवा."

आणि खरोखरच सोमवारी, पर्स-डब्यासकट, त्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यातून त्या स्टँडकडे सुटल्या. मी मागे धापा टाकत. गाडी मिळाली. घर पसंत!

"स्वयंपाकघराला खिडकी नाही," मी गाडीत म्हणाले.

"बघायला येळ कुणाला हाय, ताई?"

रस्त्याची वाटणी चोख झाली होती. एकच गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. पूर्वी सकाळी एकजण तरी लेकीजवळ असायचं. आता दोघंही एकदमच बाहेर. लेक दुसरीत. शाळेआधी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवायचं. मॅडमचा हट्ट एवढाच, की वेण्या आपल्या हातच्या असाव्यात. मग त्या तिला पेंगुळलेलीच स्टँडवर आणू लागल्या. बरोबर काकू. बाकावर वेण्या व्हायच्या, गाडी लागली की काकू तिला घरी न्यायच्या. कंडक्टरही सरावला होता. "आटपा मॅडम, का डबल बेल मारू?"

एकदा गाडी लवकर सुटली.

त्या दिवशी मॅडम कचेरीत आल्या त्या हातात कंगवा आणि लाल रिबीन घेऊनच. काका म्हणाले, "मॅडम, पार्लर टाकून राहिल्या का काय?" मॅडमही हसल्या. तेवढ्यात काकूंचा फोन आला. दुसरी वेणी पोरगी त्यांना घालू देईना. एक वेणी, एक बाजू मोकळी, तशीच शाळेत गेली.

मॅडमनी रिबीन माझ्या टेबलावर ठेवली. पर्स खांद्यावरून काढली. ती खाली ठेवलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली. मग नांदेडला बदली मागणारा अर्ज लिहायला बसल्या.

बदल्या कशा होतात, तुम्ही जाणताच. हुकूम आला तोवर लेक पाचवीत गेली होती.

परवा मी मॅडमना नांदेडला फोन केला. "घर सकाळीच बघितलं ना?"

"मग! चालत जाते आता कचेरीला. सकाळी बसून चहा पिते, ताई. बसून!"

"आणि वेण्या?"

"तिची तीच घालती आता. मी कंगवा घ्यायला गेले की म्हणती, राहू दे आई, तुझी गाडी जाईल." मग हसल्या. "गाडी कुठली आता? तिला सवयच पडली हो तसं म्हणायची."

आज सोमवार. हजर : मी, काका, शिपाईमामा. वाटेत कुणी नाही. लाल रिबीन माझ्या खणात आहे. नांदेडला जाऊन ती द्यायची राहिली आहे.