नाव नंतर कळवतो

आमच्या समोरच्या घरातले काका स्वर्गाच्या दारात पोहोचले, तरी आणखी नऊ जण जमेपर्यंत आत पाऊल टाकणार नाहीत. दहा माणसं झाली की ग्रुप होतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. तिकिटाचा भाव बांधला जातो, थोड्याशा अनामत रकमेवर सीटा अडवून ठेवता येतात आणि प्रवाशांची नावं निघायच्या महिनाभर आधी दिली तरी चालतात. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलला आलेल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला ते हे समजावतात, तेही उभ्याउभ्या. काकांना बसलेलं मी फक्त विमानात पाहिलंय, आणि तिथेही पट्ट्याचा दिवा विझला की ते आपली माणसं मोजत फिरतात.

बर्फ पडायला लागला की त्यांच्या पायाला भिंगरी लागते. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता फावडं टाकून ते कुणाच्याही दारात उभे राहतात आणि उन्हाळ्यातली ट्रिप जाहीर करतात. लोक म्हणतात, "बघू." मराठी माणसाचं 'बघू' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, काका मात्र होकार लिहून घेतात. अशा सव्वीस होकारांवर त्यांनी एकदा आख्खी बस ठरवली आणि आम्ही सात जण पाय पसरून नायगाऱ्याला गेलो. काका दर थांब्यावर सातही डोकी दोनदा मोजत होते.

मी सडाफटिंग, त्यामुळे मला ते आधी विचारतच नसत. ट्रिपच्या महिनाभर आधी फोन यायचा, "एक सीट कॅन्सल झालीय रे, बॅग भर." अशा सीटांवर मी ग्रँड कॅन्यन पाहिला, अलास्काही पाहिला, आणि स्वतःच्या नशिबावर खूश होतो.

गेल्या महिन्यात चहा देताना काकू सहज बोलून गेल्या. यादीतली पहिली सीट दरवेळी निखिलची असते. निखिल हा त्यांचा मुलगा, तिकडे कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असतो. तो "आय विल ट्राय, बाबा" म्हणाला की काका त्याची सीट धरतात आणि नावाची जागा रिकामी ठेवतात. नावं द्यायच्या शेवटच्या दिवशी त्याला फोन करतात. तिकडे कधी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज असतं, कधी पोरांचा सॉकर. मग फोन मला येतो. मला इतकी लाज वाटली की चहा अर्धा टाकून मी घरी आलो.

परवा युटाच्या ट्रिपची यादी आली. नावं द्यायला अजून तीन महिने होते, तरी पहिल्याच ओळीत माझं नाव टाइप केलेलं. मी तडक समोर गेलो आणि म्हटलं, काका, एवढी घाई कशाला, ती जागा राहू द्या की रिकामी.

काका खुर्चीत बसले होते.

"नको," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघणं आता होत नाही रे."

'बघू' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. येतो म्हणालो, आणि बाहेर जाऊन त्यांचा अर्धवट राहिलेला बर्फ काढायला लागलो.